तुमचे प्रश्न : मेनूबारवरचा टायमर जातो कुठे?

प्रश्न : नमस्कार सर, मॅकसाठी पायथॉनमधे छोटं अ‍ॅप करतोय, वर मेनूबारमधे घड्याळाशेजारी टायमर दिसला पाहिजे एवढंच. पायऑब्जसी (पायथॉनला मॅकच्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेशी जोडणारी लायब्ररी) टाकलंय. अ‍ॅप चालू केलं की आयकॉन क्षणभर चमकतो आणि गायब, एरर वगैरे काहीच नाही. रूममेट म्हणतो पायथॉन सोड, स्विफ्ट (अ‍ॅपलची भाषा) शीक. काय करू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : रूममेटला चहा पाजा आणि गप्प बसवा, पायथॉनचा यात काही दोष नाहीये. माझा अंदाज सांगतो, तुम्ही स्टेटस आयटम (मेनूबारवरचा तो आयकॉन) 'अ‍ॅप्लिकेशन डिड फिनिश लाँचिंग' या, अ‍ॅप सुरू होताच चालणाऱ्या फंक्शनच्या आत साध्या लोकल व्हेरिएबलमधे ठेवलाय. फंक्शन संपलं की व्हेरिएबल गेलं, आणि मॅकचा स्टेटस बार तो आयटम स्वतः धरून ठेवत नाही, त्यामुळे आयटम पण गेला. एरर कशाला येईल, त्याच्या दृष्टीने सगळं नियमात झालंय! आयटम सेल्फवर (म्हणजे त्या ऑब्जेक्टवरच) टाका, सेल्फ डॉट आयटम असं, की राहील.

हाच घोळ डेलिगेटचा, म्हणजे खिडकी वगैरेच्या वतीने काम बघणाऱ्या ऑब्जेक्टचा. सेट डेलिगेटच्या कंसातच ऑब्जेक्ट बनवून दिला आणि स्वतःकडे ठेवला नाही तर तो तिथल्या तिथे मरतो, कारण कोको (मॅकची अ‍ॅप बनवायची चौकट) डेलिगेटला घट्ट धरत नाही. बटणाच्या आणि मेनूच्या टार्गेटचंही (दाबल्यावर निरोप ज्याला जातो त्या ऑब्जेक्टचंही) तेच. मी स्वतः एकदा अख्खा रविवार यात घालवलाय, बटण दिसतंय, दाबलं की ढिम्म. टायमर मात्र उलटा, एनएसटायमर आपलं टार्गेट पकडून ठेवतो, तो बंद केल्याशिवाय सोडत नाही.

आता पायथॉनमधून हे जमतं कसं तर ऑब्जेक्टिव्ह-सीमधे मेथड कॉल म्हणजे नावाने पाठवलेला मेसेज, कुठला कोड चालवायचा ते प्रोग्रॅम चालू असताना शोधलं जातं. म्हणून पायथॉनला मधे पूल बांधता येतो, आणि खिडकी, बटण, मेनू सगळं खरं मॅकचंच मिळतं, नकली नाही. ऑब्जेक्टिव्ह-सी मेथडच्या नावातल्या प्रत्येक कोलनच्या जागी पायथॉनमधे अंडरस्कोर लिहायचा. एक अंडरस्कोर म्हणजे सेल्फ सोडून एक आर्ग्युमेंट, हा हिशोब चुकला की पायऑब्जसी क्लास बनतानाच ओरडतो. तुमची स्वतःची, फक्त पायथॉनमधून बोलवायची मेथड असेल तर तिच्यावर 'पायथॉन मेथड'चा डेकोरेटर (मेथडच्या वर लिहायची खूण) लावा, मग अंडरस्कोर मोजत बसायला नको.

अजून एक, नेटवरून काही आणायचं असेल तर वेगळ्या थ्रेडमधे (प्रोग्रॅमच्या समांतर धाग्यात) आणा पण स्क्रीनला हात लावायचा तो मेन थ्रेडवरूनच, त्यासाठी पायऑब्जसीसोबत येणाऱ्या अ‍ॅपहेल्परमधलं कॉल आफ्टर आहे.

प्रश्न : जुन्या ट्युटोरियलमधे लिहिलंय की मॅकमधे पायऑब्जसी आधीच असतं. माझ्याकडे नाही. आणि बनवलेलं अ‍ॅप बहिणीला कसं देऊ?
– तेच वाचक

उत्तर : ट्युटोरियल जुनंच आहे. 2007च्या लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीत पायऑब्जसी आणि रुबीकोको (रुबी भाषेसाठी तसाच पूल) दोन्ही आयते यायचे, एक्सकोड या अ‍ॅपलच्या कोड लिहायच्या साधनात त्यांची टेम्प्लेट पण होती, काय मजा होती. नंतर टेम्प्लेट गेली, आणि 2022ला मॅकओएस 12.3 मधे सोबत येणारा पायथॉन 2.7 पण काढून टाकला. आता पायथॉन आपला आपण टाकायचा आणि पिपने (पायथॉनच्या लायब्रऱ्या आणणारं साधन) पायऑब्जसी घ्यायचं.

बहिणीसाठी पायटूअ‍ॅप वापरा, ते पायथॉनसकट सगळं एका अ‍ॅपमधे भरतं, साइज बघून दचकू नका. तिच्या मॅकवर मात्र गेटकीपर, म्हणजे मॅकचा सुरक्षारक्षक, अडवेल, कारण तुमचं अ‍ॅप अ‍ॅपलकडून नोटराइझ झालेलं (तपासून मान्य केलेलं) नाही. ते करायचं तर डेव्हलपर प्रोग्रॅमचे वर्षाला 99 डॉलर. एका टायमरसाठी एवढे घालू नका हो, सरळ तिच्या सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन परवानगी द्या, एकदाच द्यावी लागते.