तुमचे प्रश्न: स्नो ब्लोअरला नवे टायर घ्यावेत की चेन लावावी?

प्रश्न: नमस्कार दादा, सिराक्यूजला घर घेतलं त्याला आता दुसरी थंडी. जुनं २४ इंची टू-स्टेज स्नो ब्लोअर (एक पातं स्नो आत ओढतं, आतलं दुसरं तो लांब फेकतं, चाकं इंजिनवर चालतात) घराबरोबरच मिळालं. ड्राइव्हवे डांबरी आहे आणि रस्त्याकडे चांगलाच उतार. खाली रस्ता साफ करणारा प्लाऊवाला स्नोचा जो ढीग लावून जातो तिथे मशीन अडतं, चाक जागच्या जागी फिरत राहतं, आणि वर येताना तर मीच मशीन ढकलत असतो. नवे टायर घेऊ की टायरवर घालायची लोखंडी चेन?

उत्तर: पैसे खर्च करायच्या आधी एकदा वाकून बघा, एकच चाक फिरतंय की दोन्ही. बऱ्याच जुन्या मशीनला हबमधून एक्सलमध्ये जाणारी पिन असते, मशीन वळवायला सोपं जावं म्हणून कुणीतरी एका चाकाची पिन सोडवून ठेवलेली असते आणि मग सगळा जोर एकाच चाकावर. दोन्ही पिना बसवल्या की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. आणि गिअर टाकूनही दोन्ही चाकं फिरतच नसतील तर इंजिनाचा जोर चाकांना देणारी आतली फ्रिक्शन डिस्क झिजली असेल, तिथे टायरही नको, चेनही नको, डिस्क बदला.

चाकं दोन्ही फिरतायत पण मशीन जागचं हलत नाही, असं असेल तर चाकाखाली काय आहे ते बघा. भुसभुशीत स्नो असेल तर टायरचे खोल खाचे त्यात रुततात आणि मशीन पुढे जातं. पण चाक एकाच जागी आठ-दहा वेळा फिरलं की खालचा स्नो दाबून दाबून काचेसारखा होतो, दोन चकचकीत पट्टे दिसतात बघा, त्यावर कितीही भारी रबर लावा, घसरणारच. तिथे लोखंडच रुततं. आपल्याकडे भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात ना, तसंच हे, नुसत्या रबराला धरायला काही मिळत नाही तिथे लोखंड पकड घेतं.

त्यामुळे तुमच्या उतारासाठी माझं मत चेन. फक्त टायरवर अंगठ्याचं नख दाबून बघा, नख अजिबात रुतत नसेल आणि कडेला बारीक भेगा असतील तर रबर कडक झालंय, मग आधी टायर बदला, फुटक्या टायरवर चेन घालून काही उपयोग नाही.

चेन घेताना टायरच्या कडेवरचा आकडा जसाच्या तसा उतरवून घ्या, १६ बाय ४.८०-८ असा काहीतरी असतो, म्हणजे उंची १६ इंच, रुंदी ४.८ आणि रिम ८ इंची. दुकानात टू-लिंक आणि फोर-लिंक असे दोन प्रकार मिळतात, म्हणजे दर दोन किंवा दर चार कड्यांमागे एक आडवी पट्टी. फोर-लिंक स्वस्त, पण आडव्या पट्ट्या एकमेकींपासून लांब असल्यामुळे मशीन दणके खात चालतं आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये टायर परत घसरतो. थोडे जास्त गेले तरी टू-लिंकच घ्या. बसवताना स्पार्क प्लगची वायर काढून ठेवा, टायरमधली हवा कमी करा, चेन घट्ट ओढून हुक लावा आणि मग दोन्ही टायरमध्ये सारखी हवा भरा, कमीजास्त झाली तर मशीन एका बाजूला ओढतं. उरलेल्या कड्या तारेने बांधून टाका. पहिल्या वर्षी मी त्या तशाच सोडल्या होत्या, पंधरा मिनिटांत खडखड सुरू झाली, बघतो तर शेपूट फिरून फिरून पत्र्यावर आपटत होतं, रंग उडून चरा पडला.

अजून एक, त्या ढिगात पूर्ण रुंदीने घुसू नका. प्लाऊने टाकलेला स्नो ओला आणि जड असतो, अर्ध्या रुंदीचा घास घ्या, सगळ्यात सावकाश गिअरमध्ये. मशीनचं नाक वर चढायला लागलं की मागे घ्या. आणि चूट, म्हणजे स्नो बाहेर फेकणारं नळकांडं, तुंबली तर इंजिन बंद करून दांड्यानेच मोकळी करा, हात कधीही घालू नका, इंजिन बंद असलं तरी आतलं पातं ताणलेलं राहू शकतं आणि अडथळा निघाला की झटक्यात फिरतं. हे कळकळीने सांगतोय.

प्रश्न: आम्ही मिनेसोटात असतो. गेल्या उन्हाळ्यात ड्राइव्हवेला पेव्हर बसवले, जागा सपाट आहे. चेन चालेल का?

उत्तर: नको हो ताई. लोखंडी चेनने पेव्हरवर पांढरे ओरखडे पडतात आणि वर गंजाचे डाग. सपाट जागेला चांगल्या खाचांचे मऊ टायर पुरतात, हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे टायर जमिनीला जास्त टेकतो. तरीही घसरलं तर रबराच्या चेन मिळतात, त्या बघा. आणि मशीन सिंगल-स्टेज असेल तर हा विचारच सोडा, त्यात पुढचं रबरी पातंच मशीन ओढतं, चाकं नुसती आधाराला असतात.