स्ट्रिंग (प्रोटीनमधल्या जोड्यांचा डेटाबेस) आणि सायटोस्केप (नेटवर्क काढायचं सॉफ्टवेअर) वापरून तोंडाच्या कॅन्सरचे बायोमार्कर (रोग ओळखायच्या खुणा) शोधायचेत, हब जीन (नेटवर्कमधले मोक्याचे जीन) काढायला डिग्री (थेट जोड्या किती) घेऊ की बिटवीननेस (इतरांमधल्या किती वाटा त्यातून जातात)?

काहीही घ्या, ईजीएफआर, आयएल६, एफएन१ असलीच नावं वर येणार. त्यांना बायोमार्कर म्हणू नका, एवढ्यासाठी लिहितोय.

मी सोलापुरात एमएस्सी केलं आणि प्रोजेक्ट हाच होता. टीसीजीए या अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाचा हेड-नेक (डोकं-मान) कॅन्सरचा डेटा, त्यातून डीईजी (गाठीत कमीजास्त चालणारे जीन), मग स्ट्रिंग, मग सायटोहबा (सायटोस्केपमधलं हब काढायचं टूल), आली दहा नावं. गाइड खूश, म्हणाले पेपर लिहायला घे. मला पटेना, कारण ही नावं लेक्चरलाच पाठ झालेली. मग घरी बसून डायबेटिसच्या जीनची लिस्ट त्याच सेटिंगवर टाकली, तर निम्मी नावं तीच! दोन्ही नेटवर्कच्या प्रिंट काढून सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, आयएल६ ला दोन्हीकडं पेनानं गोल केला. सर बघत राहिले आणि म्हणाले, "सगळे असंच करतात रे, तू कशाला डोकं लावतोस?" पेपर निघाला, पण माझं नाव मी त्यात घालू दिलं नाही आणि आजही मला तेच बरोबर वाटतं.

ज्या प्रोटीनवर जास्त काम झालंय त्याच्या जास्त जोड्या नोंदल्या जातात, आणि स्ट्रिंगचं टेक्स्टमायनिंग तर पेपरात नावं सारखी एकत्र आली की स्कोअर देतं. म्हणून ते चॅनेल बंद करा, जोडीच्या स्कोअरचा कटऑफ ०.४ वरून ०.७ करा. सर्व्हायव्हलचा (पेशंट किती काळ जगले याचा) ग्राफ दाखवून कुणी गप्प करत असेल तर २०११ सालचं व्हेने आणि मंडळींचं काम दाखवा, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये रँडम निवडलेल्या जीनच्या बहुतेक याद्यासुद्धा पेशंटचं पुढं काय झालं त्याच्याशी सिग्निफिकंट जुळल्या होत्या.

आणि टीसीजीएच्या हेड-नेकमध्ये जीभ, घसा, स्वरयंत्र सगळं एकत्र, काहींना एचपीव्ही विषाणूची लागण. आपल्याकडं मावा, गुटखा, मिश्री, गाठ गालाच्या आत नाहीतर हिरडीपाशी. बार्शीला १९८७ पासून खेड्यातल्या कॅन्सरची नोंद होते, तरी आपण अमेरिकेच्या पेशंटवरून मार्कर ठरवणार? आयसीजीसी या आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पाच्या भारतीय टीमनं २०१३ मध्ये याच गाल-हिरडीच्या कॅन्सरचा अभ्यास छापलाय, यूएसपी९एक्स, एआरआयडी२ सारखे जीन त्यात आहेत, तुमची यादी आधी त्याच्याशी ताडून बघा.

नेटवर्क फालतू आहे असं नाही हं. २००७ मध्ये आयडेकर या संशोधकाच्या ग्रुपनं सुटे जीन सोडून सबनेटवर्क (एकमेकांशी जोडलेल्या जीनचे गट) घेऊन ब्रेस्ट कॅन्सरचं मेटास्टॅसिस (शरीरात पसरणं) ओळखलं होतं, ते वाचाच. दोन्हीतलं एक निवडायचंच तर बिटवीननेस घ्या, पण गाइड "पेपर होतोय ना, बास" म्हणाले तर दुसरा स्वतंत्र डेटासेट मागा, मिळेपर्यंत मागा.