ट्रान्स लेखकाची किशोरांसाठीची पुस्तकं वाचायची, तर सुरुवात कुणापासून करावी?

भाचीसाठी विचारताय, तर मी केसन कॅलेंडर हेच नाव देईन. जन्म कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर. आधी न्यूयॉर्कच्या प्रकाशनगृहात मुलांच्या पुस्तकांचं संपादन, मग पूर्णवेळ लेखन. 'हरिकेन चाइल्ड' 2018 मध्ये आलं. पुढच्याच वर्षी त्याला स्टोनवॉल पुरस्कार मिळाला; समलैंगिक, ट्रान्स अशा विषयांवरच्या पुस्तकांना तो देतात. 2020 मध्ये 'किंग अँड द ड्रॅगनफ्लाइज'ला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, पण ते जरा लहान मुलांसाठी आहे.

सोळा वर्षांच्या मुलीला 'फेलिक्स एव्हर आफ्टर' द्या. फेलिक्स हा न्यूयॉर्कमधला कृष्णवर्णीय ट्रान्स मुलगा, म्हणजे जन्माच्या वेळी त्याला मुलगी ठरवलं गेलं होतं. कुणीतरी त्याचे जुने फोटो, जुन्या नावासकट, शाळेत सगळ्यांसमोर लावतं. तिथून गोष्ट सुरू होते. मला सगळ्यात आवडलं ते हे, की फेलिक्सला स्वतःबद्दल सगळं आधीपासून ठाऊक नसतं. प्रश्न पडत राहतात, आणि लेखक त्याला घाई करत नाही.

आमच्या इंदुरात मराठी घरांतली मुलं इंग्रजी सहज वाचतात, तेव्हा मूळच वाचू द्या. वाचताना एक गोष्ट तिच्याशी जरूर बोला: इंग्रजी 'आय'मधून लिंग कळत नाही, आपण मात्र 'मी उठलो' की 'मी उठले' हे सकाळी पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. ट्रान्स मुलासाठी घरात पहिल्यांदा 'उठलो' म्हणणं केवढं मोठं पाऊल असेल!

इथल्या खजुरी बाजारात, पुस्तकांच्या दुकानांत, मिळालं नाही तर ऑनलाइन मागवा. आधी तुम्हीही वाचा.