कंपनीबाहेरची रॅम बसवल्याने लॅपटॉप खराब होतो का?

लॅपटॉपच्या कंपनीकडून न घेता दुकानातून घेतलेली रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती धरणारी मेमरी) बसवली तर मदरबोर्डला, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डाला, धोका आहे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते दोन रात्री जागून मिळवलेले असल्यामुळे जरा ठासून देतो.

२०१८ साली घेतलेल्या माझ्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅमची एकच पट्टी होती. दुसरा स्लॉट रिकामा असल्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ८ जीबीची डीडीआर४ (रॅमची एक पिढी) पट्टी आणून मी ती स्वतः बसवली. दहा महिने सुरळीत गेले आणि मग काम करता करता निळा पडदा (यंत्रणा कोसळल्याची खूण) येऊ लागला. सेवा केंद्रातील तंत्रज्ञाने तळाचे झाकण उघडले, दोन पट्ट्यांवरची वेगवेगळी लेबले पाहिली आणि कसलीही चाचणी न करता 'बाहेरच्या रॅमने बोर्ड गेला' असा निकाल दिला. वॉरंटी नामंजूर, नव्या बोर्डाचे १८,००० रुपये. माझे भाऊजी सोबत होते. 'दुप्पट पैसे गेले तरी कंपनीचीच घे' हे त्यांचे पालुपद मी कधीच मनावर घेतले नव्हते. त्या दिवशी रिक्षात ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

घरी येऊन दोन्ही पट्ट्या काढल्या. पहिल्या रात्री फक्त बाहेरची ८ जीबीची पट्टी ठेवून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर चालवले. सकाळपर्यंत त्रुटी शून्य. दुसऱ्या रात्री कंपनीची मूळ पट्टी एकटी लावली, तर वीस मिनिटांत पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. स्लॉट बदलून पाहिला, तरी तेच. त्याचे फोटो नेऊन दाखवल्यावर केंद्राने मुकाट्याने वॉरंटीत नवी पट्टी दिली. बोर्ड आजही तोच आहे.

यावर भाऊजींचे म्हणणे असे की, मूळ पट्टी बाहेरच्या पट्टीच्या संगतीने बिघडली. रॅम म्हणजे आंब्यांची अढी नव्हे. दोन्ही पट्ट्यांना वीज बोर्डच देतो, डीडीआर४ला १.२ व्होल्ट, आणि वेग जुळत नसेल तर दोन्ही सहसा कमी वेगावर चालतात, एवढेच. शिवाय 'कंपनीची' म्हणून मिळणाऱ्या पट्टीवरील चिपही बहुधा सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉन यांचीच असते. लॅपटॉपची कंपनी त्यावर आपले लेबल आणि आपली किंमत चिकटवते.

चुकीचा प्रकार घेतल्यास मात्र पैसे वाया जातात. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असल्याने एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही, परंतु १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल दिसायला सारख्याच असतात, आणि फक्त १.३५ व्होल्ट पुरवणाऱ्या लॅपटॉपमध्ये पहिली घातली तर तो बहुधा सुरूच होत नाही. पट्टी काढली की पुन्हा चालतो. आपण मॉडेल लिहिलेले नाही. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली (कायमची डाग देऊन जोडलेली) आणि जादा स्लॉटही नसेल, तर हा सारा प्रश्नच उरत नाही.

एक सांगायचे राहिले. नुकसान होते ते पट्टीने नव्हे, बसवणाऱ्याच्या हाताने: बॅटरीची जोडणी न काढता काम केले, अंगातली स्थिर वीज धातूला हात लावून घालवली नाही, किंवा पट्टी तिरकी दाबली, तर बोर्ड खरोखर जाऊ शकतो. माझ्याही हातून झाकण उघडताना एक प्लास्टिकची खिट्टी तुटली होती, आणि तो कोपरा आजही चिकटपट्टीने धरलेला आहे. भाऊजी घरी आले की चहा येईपर्यंत त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत बसतात.