केस पेपरवर व्यवसाय काय लिहू?

शरीरविक्रयातल्या बायकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : मी कोल्हापुरात धंदा करते. मागं लॉजवर एका गिऱ्हाइकानं गळा दाबला. तेव्हापासून दाराची कडी लागली की अंग थरथरतं. झोप नाही. रोज क्वार्टर घेते, वर मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी. मला वेड लागायलंय का?

नाही, ताई. जिवावरचा प्रसंग टळला तरी शरीर सावधच राहतं. कडीचा आवाज, तसाच सेंटचा वास एवढंही पुरतं. छाती धडधडते, सगळं पुन्हा घडतंय असं वाटतं. याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. अपघातातून वाचलेल्यांना, लढाईवरून परतलेल्या जवानांनाही तो होतो. पण जवान घरी परततो. तुम्हाला दुसऱ्या दिवशी तशाच खोलीत जावं लागतं, म्हणून भीती ओसरायला वेळ लागतो. समुपदेशनानं फरक पडतो. लागल्या तर गोळ्याही असतात. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात. त्या झोपेच्या गोळीसारख्या सवय लावणाऱ्या नसतात, मात्र मनानं बंद करू नका.

मला जास्त काळजी वाटते ती दारू आणि झोपेच्या गोळीची. दोन्ही एकत्र घेतल्यानं झोपेत श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. पण घाबरून दोन्ही एकदम तोडूही नका. रोजची सवय असताना अचानक बंद केलं तर हात कापतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायचं. आणि लॉजवर जाताना कुठं चाललात, कधी परतणार, हे एका मैत्रिणीला सांगून जा.

‘आधी धंदा सोड, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. उपचाराला अशी अट घालणं मला अन्यायाचं वाटतं. पोट त्याच कामावर आहे, आणि आजार आज आहे.

प्रश्न : सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) गेले तर केस पेपरवर काय लिहू? पोलिसांना कळवतील का?

‘मजुरी’ लिहा, चालेल. आत डॉक्टरांना मात्र खरं सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असण्यासारखे अपवाद मोजके. स्वतः शरीरविक्रय करणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हे आहेत. ताज्या मारहाणीच्या जखमा घेऊन गेलात तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद होते, हे आधीच माहीत असू द्या. लैंगिक अत्याचार झाला असेल तर इतर कुठल्याही बाईसारखेच सगळे उपचार तुम्हाला मिळाले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ ला बजावलं आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून थांबू नका.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. आई धंद्यात आहे, हे मला माहीत आहे. आम्ही त्यावर बोलत नाही. गेला महिनाभर ती धड जेवत नाही. ‘तुझं शिक्षण झालं की मी सुटले’ म्हणते. जीव द्यायचा विचार येतो का, असं विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं येईल का?

नाही येणार. सरळ विचार, दोघीच असताना. विचारल्यानं विचार पेरला जात नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून मन मोकळं होतं. गावाकडं ‘कंपनीत आहे’ असं सांगायचं, सणाला गेलं की प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं ते जुळवायचं, तुझ्यापासूनही लपवायचं, यात आईची किती ताकद जात असेल! ‘मला माहीत आहे, आणि मी तुझ्यावर रागावलेली नाही,’ हे खरं असेल तर तिला सांग.

ती ‘हो’ म्हणाली तर तिला एकटी सोडू नको. घरातल्या गोळ्या, कीटकनाशक हाताशी ठेवू नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं; तुझ्या स्वतःसाठीही लाव. ओपीडीला तिच्यासोबत जा आणि तिच्या चालू गोळ्या, एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) असतील तर त्याही, पिशवीत घालून ने. एआरटीतल्या काही औषधांचाही मनावर परिणाम होतो, आणि डॉक्टरांना ते बघूनच पुढचं औषध ठरवता येतं.