पेठेतलं जुनं घर: आधी कौलं, मग रंग

ताई, मोठं घर सोडून पेठेतल्या जुन्या घरात राहायला जाताय, तर रंग आणि किचन ट्रॉल्या तूर्त राहू द्या. आधी छप्पर. मंगळुरी कौलं मे महिन्यातच चाळून घ्या, म्हणजे उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट रचून घ्या. वाशांची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. तो सहज आत गेला तर वासा कुजलाय किंवा वाळवीने पोखरलाय. तो बदलायचाच. खाली पीओपीचं छत नको, गळती झाकली जाते.

सगळ्यात महागात पडणारी चूक भिंतींची. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात. चुन्याचाच गिलावा करा. आपल्याकडचा पाऊस माहीत आहेच.

बाकी थोडक्यात:
- जुनी वायरिंग पूर्ण काढा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच) हवाच.
- न्हाणीत खरबरीत फरशी, कमोडशेजारी धरायला दांडा. दांड्याची जागा टाइल्सआधी ठरवा.
- मोठ्या घरातला डबलबेड आणण्याआधी जमिनीवर खडूने आखा. बाजूला अडीच फूट वाट उरत नसेल तर सरळ विका. मुलं सुट्टीला आली तर गाद्या घालता येतात.

शहाबादी फरशी मात्र उखडू नका, पॉलिश करून घ्या.