गार होईना म्हणजे गॅसच गेला असं नसतं

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर जाऊन बसला की आमच्या या पानाकडं येणारे निम्मे प्रश्न फ्रीजचेच असतात. यावेळचे वाचताना एक गोष्ट परत परत दिसली, फ्रीजला काहीही होऊ दे, पहिलं नाव गॅसचं निघतं. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय, पण ज्यांचा फ्रीज कुरकुर करतोय त्यांनी ते पूर्ण वाचाच, कारण खरे पैसे तिथंच जातात.

प्रश्न: नमस्कार सर, आमचं घर अशोक चौकाच्या मागं आहे, खाली माग आहेत आणि वर आम्ही राहतो. सिंगल डोअर फ्रीज आहे, सात वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात गार होईना म्हणून मेकॅनिकला बोलावलं, त्यांनी गॅस भरला, तीन हजार घेतले. आता परत तेच व्हायलंय, दुपारी दूध नासायलंय, रात्री मात्र जरा बरं असतंय. मेकॅनिक परत गॅसच म्हणायलेत. दरवर्षी गॅस भरावा लागतो का ओ?
– एक गृहिणी, पूर्व भाग

उत्तर: ताई, अजिबात लागत नाही. फ्रीजचा गॅस हा स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपणारा गॅस नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरत असतो, आतली उष्णता उचलतो, मागच्या जाळीत आणून सोडतो आणि परत आत जातो, बस. नळी कुठं फुटली नाही तर कंपनीतून आलेला गॅसच पंधरा-वीस वर्षं चालतो. म्हणजे गॅस खरोखर कमी झाला असेल तर कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता वरून गॅस भरला तर तो परत जाणार, सोबत तुमचे पैसेपण.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं, "रात्री जरा बरं असतंय". गॅस कमी असलेला फ्रीज सहसा रात्रीसुद्धा रडतोच. दुपारी बिघडतो आणि रात्री सुधारतो म्हणजे बहुतेक वेळा त्याला आतली उष्णता बाहेर टाकता येत नाहीये. आणि तुमच्या घरात खाली माग आहेत! मागाच्या घरात सुताचे बारीक तंतू दिवसभर हवेत उडतात, ते फ्रीजच्या मागच्या काळ्या जाळीवर बसतात, त्यावर फोडणीचा तेलकटपणा बसतो, आणि दोन-तीन वर्षांत जाळीवर असा राखाडी थर तयार होतो की बोटानं धरून ओढला तर आख्खा पापुद्रा हातात येतो. त्या थरातून उष्णता बाहेर जाणार कशी? कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस फिरवणारी मोटर, बिचारा तापतो, तापला की त्याचा ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा छोटा पार्ट) त्याला बंद पाडतो, थंड झाला की परत चालू, आणि तोवर आतलं दूध गेलेलं असतं.

तर मेकॅनिकला परत बोलवायच्या आधी एक रविवार यासाठी काढा. प्लग काढा (नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा), फ्रीज दोघांनी मिळून पुढं ओढा, मऊ ब्रशनं जाळी वरून खाली झाडून घ्या, जाळी वाकवू नका, पाणी मारू नका. कॉम्प्रेसरवरचा आणि त्याच्या आजूबाजूचा कचरापण काढा. परत ठेवताना भिंतीपासून किमान चार बोटं, जमलं तर वीतभर जागा सोडा. फ्रीजच्या मागं पिशव्या कोंबलेल्या असतील तर त्या काढा, आणि वरून चादर अंगभर खालपर्यंत सोडलेली असेल तर तीपण काढा. आपल्याकडं चादरी भरपूर, पण फ्रीजला पांघरूण नको असतं. मागाच्या घरात ही सफाई दर दोन-तीन महिन्यांनी करावीच लागते, इतरांनी वर्षातून दोनदा केली तरी चालतंय.

मग दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात अर्धी आत अर्धी बाहेर धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज सुटून आली तर त्या जागी रबर धरत नाहीये, गरम हवा आत शिरतीये. चारी बाजूंनी असं करून बघा. पुष्कळदा रबर खराब नसतं, त्याच्या खाचेत सांडलेलं दूध, आमटी वाळून बसलेलं असतं. कोमट साबणाच्या पाण्यानं पुसलं की परत चिकटायला लागतं. फाटलं असेल तर तेवढंच बदलून मिळतं.

एवढं करूनही फरक नाही पडला तर ही हाताची परीक्षा. फ्रीज चालू करून तासाभरानं मागच्या जाळीला सांभाळून हात लावा. वरचा भाग चांगला गरम आणि खाली येईल तसं कोमट लागत असेल तर गॅस फिरतोय. कॉम्प्रेसर चालू आहे, घुर्र आवाज येतोय, पण जाळी नुसती गार पडलीये आणि फ्रीजरमध्ये एकाच कोपऱ्यात पांढरा बर्फ धरलाय, बाकी कोरडा, असं असेल तर मग गॅसची शंका बरोबर आहे, किंवा बारीक नळी चोक झाली असेल. तेव्हा मेकॅनिकला सरळ विचारा की लीक कुठं आहे ते दाखवा. लीकचा जोड नीट बंद करणं, फिल्टर ड्रायर (नळीतली ओल आणि कचरा टिपणारा पार्ट) नवा टाकणं, व्हॅक्युम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढणं, आणि मग गॅस वजन करून भरणं, हे सगळं मिळून गॅस भरण्याचं काम होतं. किती गॅस ते फ्रीजच्या मागच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. आताच्या बऱ्याच सिंगल डोअर फ्रीजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो, तोही जेमतेम ३० ते ५० ग्रॅम, त्यामुळं अंदाजपंचे भरला तर दहा ग्रॅमची चूकसुद्धा महागात पडते. जो माणूस वजनकाटा आणि व्हॅक्युम पंप न आणता नुसता डबा घेऊन येतो त्याला मी तरी माझ्या फ्रीजला हात लावू देणार नाही.

प्रश्न: आमच्याकडं विजापूर रोडला संध्याकाळी सात नंतर व्होल्टेज लई कमी येतंय, ट्यूब फडफडतीये. त्यावेळी फ्रीजमधून टक असा आवाज येतो, थोड्या वेळानं परत टक, पण चालू होत नाही. रात्री उशिरा आपोआप चालू होतो. कॉम्प्रेसर गेला का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर: रात्री आपोआप चालू होतोय ना दादा, मग कॉम्प्रेसर अजून शाबूत आहे, पण असंच चालू दिलं तर जाईल. कॉम्प्रेसरला सुरू होताना चालण्यापेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो. व्होल्टेज १७०च्या खाली गेलं की साध्या कॉम्प्रेसरला उठायला जोर मिळत नाही, तो जाग्यावर अडकून तापतो आणि ओव्हरलोड टक करून त्याला तोडतो. तो टक आवाज म्हणजे तुमचा फ्रीज स्वतःला वाचवतोय. ज्या वेळात असं होतं तेवढा वेळ तो बंदच ठेवा आणि फ्रीजसाठीचा टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर घ्या. टाइम डिले का, तर लाईट जाऊन लगेच आली की नळ्यांमधलं प्रेशर अजून समान झालेलं नसतं, त्यात कॉम्प्रेसर सुरू करायचा प्रयत्न झाला की परत तोच ताण. तीनेक मिनिटं थांबून चालू झाला की काही होत नाही. नवीन इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे बरेच फ्रीज कमी-जास्त व्होल्टेज सहन करतात, त्यांच्या पुस्तकात किती ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचून मगच स्टॅबिलायझरचा खर्च करा.

व्होल्टेज चांगलं असतानाही टक-टक येत असेल तर मात्र स्टार्टिंग रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा पार्ट) किंवा ओव्हरलोड खराब असू शकतो. हे दोन्ही पार्ट स्वस्त आहेत, कॉम्प्रेसरच्या कडेला बसतात, इलेक्ट्रिशियन दहा मिनिटात बदलतो. "कॉम्प्रेसर गेला" असं कुणी सांगितलं तर आधी रिले बदलून बघितला का, एवढं विचाराच.

वळवाच्या पावसात लाईट गेली की दार उघडून बघत बसू नका. बंद दाराचा फ्रीज साधारण ४ तास आतलं टिकवतो. त्याहून जास्त वेळ झाला तर दूध, शिजवलेली भाजी, मटण याचा मोह सोडा. शेंगा चटणीला काही होत नाही, तिला मुळात फ्रीज लागतच नाही.

प्रश्न: डबल डोअर फ्रीज, पाच वर्षं. वर फ्रीजरमध्ये बर्फ मस्त होतोय पण खाली काहीच गार होत नाही, भाजी सुकतीये. एकदा दोन दिवस गावाला गेलो तेव्हा बंद ठेवला होता, आल्यावर आठवडाभर एकदम छान चालला, मग परत तसंच. आणि मधूनमधून भाजीच्या ट्रेखाली पाणी साठतंय, ते वेगळंच.
– एक ताई, जुळे सोलापूर

उत्तर: तुम्ही स्वतःच रोग शोधून दिलाय ताई. या फ्रीजमध्ये गारवा वरच तयार होतो, फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड कॉइल आणि पंखा असतो, तो पंखा गार हवा खाली ढकलतो. कॉइलवर रोज बर्फ धरतो आणि तो वितळवायला ठराविक वेळानं एक हीटर चालू होतो. तो हीटर, किंवा त्याचा बायमेटल (तापमानाप्रमाणं हीटर चालू-बंद करणारा पार्ट), सेन्सर, टायमर यातलं काहीतरी बिघडलं की बर्फ साठत साठत कॉइल आणि हवेचा रस्ता पार बुजवून टाकतो, वर बर्फ दिसतो आणि खाली हवाच पोचत नाही. गावाला गेल्यावर तो वितळला म्हणून आठवडा चांगला गेला. यात गॅसचा काही संबंध नाही! मेकॅनिकला तुम्ही आठवड्याची ही गोष्ट जशीच्या तशी सांगा आणि डीफ्रॉस्टची, म्हणजे बर्फ वितळवायची, लाइन तपासायला लावा. वरच्या कप्प्यात आतल्या हवेच्या जाळीला टेकून पिशव्या कोंबल्या असतील तर त्यापण पुढं घ्या, कधीकधी नुसतं तेवढ्यानंही हवा अडते.

पाण्याचं सोपं आहे. वितळलेलं पाणी एका भोकातून नळीनं मागच्या ट्रेमध्ये जातं, ते भोक बर्फानं किंवा कोथिंबिरीच्या पानानं बुजलं की पाणी आत उतरतं. प्लग काढून, बर्फ वितळू देऊन, भोकात कोमट पाणी सिरिंजनं सोडा. तार खुपसू नका, नळी फाटते.

प्रश्न: नवीन फ्रीज घेतला, दोन्ही बाजूचा पत्रा गरम लागतोय, मागं जाळीच नाहीये. दुकानदारानं फसवलं का?
– एक वाचक, शेळगी

उत्तर: नाही. बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये जाळी बाजूच्या पत्र्याच्या आत बसवलेली असते, म्हणून पत्रा तापतो. दोन्ही बाजूंना जागा सोडा एवढंच. आणि स्टिकरवर क्लायमेट क्लास बघून घ्या, तिथं टी असेल तर तो फ्रीज ४३ अंशापर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो, एसटी असेल तर ३८ पर्यंत. पत्र्याचं छत असलेल्या घरात दुपारी खोली ४३च्या पुढंही जाते, तिथं फ्रीज पत्र्याखाली नको, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा.

प्रश्न: सिंगल डोअरमध्ये बर्फाचा डोंगर झाला होता, सुरीनं काढताना सुस्स असा आवाज आला आणि वास आल्यासारखं वाटलं. आता फ्रीज चालू आहे पण गार नाही.
– एक काका, बाळे

उत्तर: काका, यावेळी मात्र खरंच गॅस गेलाय. फ्रीजरच्या त्या ॲल्युमिनियमच्या भिंतीतच गॅसच्या नळ्या असतात आणि त्या पातळ असतात. सगळ्यात आधी फ्रीज बंद करा, रिकामा कॉम्प्रेसर चालू ठेवला तर त्या भोकातून हवा आणि ओल आत ओढली जाते आणि दुरुस्ती वाढते. छिद्र बारीक असेल तर भरून मिळतं, पण सगळ्यांच्या बाबतीत ते टिकत नाही, तेव्हा कामाची गॅरंटी लिहून घ्या. स्टिकरवर आर-६००ए असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, मेकॅनिक जोडकामाचा आगीचा टॉर्च पेटवेल तेव्हा खिडक्या उघड्या पाहिजेत आणि शेजारी शेगडी चालू नको. पुन्हा कुणाच्या घरी असा आवाज आला तर काडी ओढायची नाही, बटणं चालू-बंद करायची नाहीत, दारं-खिडक्या उघडून बाहेर थांबायचं.

बर्फ अर्धा सेंटीमीटर झाला की नॉबच्या मधलं बटण दाबायचं, बर्फ वितळला की फ्रीज आपोआप चालू होतो. घाई असेल तर आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर काहीच नको.

प्रश्न: नॉब उन्हाळ्यात किती नंबरवर ठेवायचा?
– एक वाचक, नवी पेठ

उत्तर: नंबर कंपनीप्रमाणं बदलतो, म्हणून मोजूनच बघा. मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर रात्रभर ठेवा, सकाळी ४-५ अंश दिसलं पाहिजे. जास्त असेल तर नंबर एकनं वाढवा, परत एक रात्र जाऊ द्या.

प्रश्न: महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या बाई घरोघरी पाणी तपासायला आल्या होत्या, आमची पिंपं झाकलेली होती, पण त्यांनी फ्रीजच्या मागं बॅटरी मारली आणि तिथं आळ्या निघाल्या. फ्रीजमध्ये पाणी कुठून आलं?
– एक गृहिणी, विडी घरकुल

उत्तर: वितळलेल्या बर्फाचं पाणी मागं कॉम्प्रेसरच्या वरच्या ट्रेमध्ये जमतं. कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं ते उडून जावं अशी रचना असते, पण पावसाळ्यात किंवा दार सारखं उघडलं की पाणी जास्त येतं आणि साठून राहतं. डेंगीचा एडिस डास अशाच थोड्याशा स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आपल्याकडं नळाला काही दिवसाआड पाणी, त्यामुळं पिंपं भरून ठेवावी लागतात, ती झाकायची सवय सगळ्यांना लागलीये, हा ट्रे मात्र राहून जातो.

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून ट्रे रिकामा करा. प्लग काढायचा, ट्रे ओढून किंवा स्पंजनं पाणी टिपून घ्यायचं आणि ट्रेच्या कडा आतून घासायच्या, कारण अंडी कडेलाच चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी ओतून निघत नाहीत. काही मॉडेलमध्ये ट्रे स्क्रूनं बसवलेला असतो, तिथं लांब दांडीच्या ब्रशला कापड गुंडाळून पुसलं तरी चालतं.